टॅडबरीची पाटी

जगात टॅडबरी नावाच्या पुष्कळ गोष्टी आहेत, आणि त्यांतली सगळ्यांत किरकोळ गोष्ट म्हणजे खुद्द टॅडबरी गाव. कॅनडात एक टॅडबरी आहे, त्याला स्वतःचा विमानतळ आहे. न्यूझीलंडमधल्या टॅडबरीत मेंढ्यांचा मोठा बाजार भरतो. टॅडबरी नावाची एक ताठ पाठीची खुर्ची आहे. तिच्यावर बसलेला माणूस फार वेळ बसत नाही, म्हणून वकील मंडळी ती आपल्या अशिलांसाठी मुद्दाम ठेवतात. टॅडबरी बनपाव आहे, टॅडबरी कोंबडी आहे, टॅडबरी नावाची युद्धनौकाही होती. सबंध युद्धात तिच्यावर एकही गोळी झाडली गेली नाही. शत्रूला ती दिसलीच नाही म्हणतात. चर्चच्या घंटा वाजवण्याच्या एका अवघड पद्धतीला टॅडबरी म्हणतात, आणि इंग्लंडभरचे घंटावाले ती मोठ्या भक्तिभावानं वाजवतात. तिला आठ घंटा लागतात. आमच्या चर्चमध्ये तीन आहेत.

या सगळ्या नावांचा उगम जिथं झाला, त्या गावात एक चर्च आहे, एक पब आहे, एक तळं आहे आणि टेलिफोनची एक लाल खोली आहे. तिच्यात आता फोन नाही, लोकांनी वाचून टाकलेली पुस्तकं असतात. शिवाय लायनेल हॅकेट आहेत. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून हॅकेटसाहेब आमच्या ग्रामसभेचे अध्यक्ष आहेत. आपण एकमतानं निवडून आलो, असं ते सांगतात. ते खरंच आहे. त्या संध्याकाळी सभेला यायला फक्त त्यांनाच उशीर झाला होता, आणि ते येईपर्यंत निवड उरकली होती.

प्रकरण सुरू झालं ते एका लॉरीमुळे. चौफुलीवरची गावाची पाटी हॅकेटसाहेब दर शनिवारी ओल्या फडक्यानं पुसत. असेच पुसत असताना एक लॉरी उलटी मागे येऊ लागली. साहेब उडी मारून बाजूला झाले. पाटीला ती सोय नव्हती. खांब जागच्या जागी राहिला आणि पाटी डाव्या टोकाला वाकून गवतात पडली.

"सॉरी," हॅकेटसाहेब म्हणाले. आमच्याकडे धक्का खाणाऱ्यानं आधी माफी मागायची असते.

"हे टॅडबरी मेडोज नाही का?" लॉरीवाल्यानं खिडकीतून विचारलं. टॅडबरी मेडोज ही हमरस्त्याला लागून झालेली नवी वसाहत. तिच्या आसपास टॅडबरी नाही आणि कुरणही नाही, पण बांधणाऱ्याला दोन्ही शब्द आवडले होते.

"हे टॅडबरी," साहेब म्हणाले. "मूळचं."

"मग चुकलंच," लॉरीवाला म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या कोणी पाटी उचलून पुन्हा खांबाला ठोकली असती. पण साहेबांची उभी हयात विमा कचेरीत गेलेली; सरळ मार्गानं होणारी गोष्ट सरळ मार्गानंच करायची, मग तिला कितीही वळणं लागोत, हा त्यांचा बाणा. त्यांनी जिल्ह्याच्या रस्ते कचेरीला कळवलं. यथावकाश पिवळं जाकीट घातलेले मिस्टर ग्रिमशॉ आले. हा तरुण माणूस बोलताना समोरच्याकडे पाहत नसे, बाजूच्या झुडपाकडे पाही.

"पाट्या परक्यांसाठी असतात, मिस्टर हॅकेट," ग्रिमशॉ झुडपाला म्हणाला. "आपलं गाव कुठं आहे हे गावकऱ्यांना ठाऊकच असतं. या गावात अलीकडे कोणी परका आलाय का?"

साहेबांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "तो लॉरीवाला."

"तो दुसरीकडे चालला होता."

"म्हणजे तुम्ही पाटी लावणार नाही?"

"धक्क्यानं पडलेली पाटी पुन्हा लावायची, तर तिची गरज सिद्ध व्हावी लागते. मी एक दिवस चौफुलीवर बसेन. गाव शोधत पुरेशी वाहनं आली, तर पाटी. नाहीतर नाही. आणि पाटी नसली की पुढच्या नकाशातूनही नाव आपोआप जातं. आमच्या यंत्रात आत्ताच टॅडबरी म्हटलं की टॅडबरी मेडोज येतं," असं म्हणून ग्रिमशॉनं झुडपाकडे दिलगिरी व्यक्त केली.

साहेब घरी आले. ज्या नावाच्या खुर्चीवर अर्धं जग अवघडून बसतं, ते नाव नकाशावरून जाणार, तेही आपण अध्यक्ष असताना. बेरिलनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा पुढे केला तो त्यांनी साखर न ढवळताच पिऊन टाकला. इतकी वाईट अवस्था तिनं त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीही पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळी पबमध्ये सल्ल्यांना ऊत आला. पबचा मालक विल्फ ड्रान्सफील्ड सगळ्यांनाच 'राजा' म्हणतो, पाद्रीणबाईंनासुद्धा. तो म्हणाला, "राजा, आपल्या पबात भूत आहे असं उठवून देऊ. भूत असलं की माणसं येतात. पलीकडच्या गावात दोन भुतं आहेत, तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही."

"खोटं नाही सांगायचं," साहेब म्हणाले.

"मग माझी मिल्ड्रेड ठेवा चौफुलीवर," ऑड्री टपर म्हणाली. ऑड्री म्हणजे साहेबांची कुंपणापलीकडची शेजारीण, आणि मिल्ड्रेड म्हणजे तिची कोंबडी. गावात उरलेली ती शेवटची टॅडबरी कोंबडी, आणि याची तिला पूर्ण कल्पना होती. ती अंडी देत नसे. ती फक्त बघत असे.

"तिला कोण बघायला येणार, ऑड्री?"

"तुझी पाटी बघायला तरी कोण येतंय, लायनेल?"

शेवटी बेरिलनं जिल्ह्याच्या रेडिओचं नाव काढलं. तिथं दुपारी गावोगावच्या लोकांच्या मुलाखती होत. साहेबांनी आढेवेढे घेतले आणि दुसऱ्याच दिवशी केस कापून आले. रेडिओसाठी केस कशाला, असं बेरिलनं विचारलं नाही. संसार उगाच इतकी वर्षं टिकत नाही.

मुलाखत घेणारी मुलगी गोड होती. खुर्ची, बन, युद्धनौका, सगळं तिनं विचारून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला गावाचा फार अभिमान वाटत असेल, नाही?"

इथं आमची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे बक्षीस मिळालेल्या बागेचा मालक 'यंदा गोगलगायींनी वाट लावली' असं म्हणतो, आणि ऐकणारा समजायचं ते समजतो. स्वतःच्या वस्तूला जितकी नावं ठेवावीत तितकं ते कौतुक मोठं. साहेबांचं मन त्या क्षणी इतकं भरून आलं होतं, की त्यांनी हात राखला नाही.

"छे, अभिमान कसला," ते म्हणाले. "बेताचंच गाव. चर्चचं छप्पर गळतं. तळ्यात बदकं होती, तीही हल्ली शेजारच्या गावात जातात. कोंबडी एकच उरलीय, तिचाही भरवसा नाही. आता तर पाटीसुद्धा गेली. पण चालायचंच. तक्रार नाही." आणि निरोप घेताना रिवाजाप्रमाणे म्हणाले, "जगातल्या कुठल्याही टॅडबरीकराला इकडे यावंसं वाटलं, तर चहाला जरूर या. कधीही."

'चहाला कधीही या' या वाक्याचा आमच्याकडचा अर्थ 'बरं, येतो मग' एवढाच आहे. ते ऐकून आजवर कोणी आलेलं नाही.

घरी बेरिल डोळे पुसत बसली होती. "इतकं कौतुक तू लग्नात माझंही केलं नव्हतंस," ती म्हणाली.

पण रेडिओ हल्ली संगणकावरून जगभर ऐकता येतो, आणि आपल्या गावाचं नाव कुठं निघतं यावर कान ठेवून बसलेली माणसं सगळीकडे असतात. आठवड्याभरात फोन वाजला. बाईंचं नाव लोर्ना कोवालचुक. कॅनडातल्या टॅडबरीच्या त्या माजी महापौर होत्या.

"मिस्टर हॅकेट, आम्ही सगळं ऐकलं," त्या म्हणाल्या. "फार वाईट वाटलं हो. धीर सोडू नका. आम्ही येतोय."

"कोण आम्ही?"

"टॅडबरी."

"फार छान," साहेब म्हणाले. अशा वेळी म्हणायला त्यांच्याकडे दुसरे शब्द नव्हते.

"किती जण?" बेरिलनं विचारलं.

"टॅडबरी येतंय, म्हणाल्या."

"अख्खं?"

"अख्खं नसावं. विमानतळ आहे, पण लहान असणार."

मग साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. परकी माणसं गाव शोधत येणार होती. पडत्या फळाची आज्ञा समजून त्यांनी फोन करून ग्रिमशॉचा मोजणीचा दिवस पाहुण्यांच्या शनिवारशी जुळवून घेतला, आणि आंघोळ करताना बऱ्याच महिन्यांनी गुणगुणले.

तयारी सुरू झाली. पाहुण्यांना टॅडबरी बन द्यायला हवेत, यावर दुमत नव्हतं. ते करता कोणालाच येत नव्हते. शेवटी बाजाराच्या गावातून पाकिटं आणून बेरिलनं त्यांची वेष्टणं काढली आणि एकेका बनला बोटानं थोडं दाबून घरगुती रूप दिलं. वाकलेली पाटी विल्फनं हातोड्यानं ठोकली. तिचं डावं टोक वाकलेलं होतं ते वाकलेलंच राहिलं, वर उजव्या टोकाला पोचा आला. ती साहेबांनी बेरिलच्या कपडे वाळत घालायच्या दोरीनं तात्पुरती खांबाला बांधली. परवानगीशिवाय केलेलं हे त्यांचं आयुष्यातलं पहिलं काम. बांधताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

शनिवारी ग्रिमशॉ सकाळीच घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि मोजायचं बटण घेऊन चौफुलीवर बसला. दोरीनं बांधलेली पाटी त्याला दिसली असणार, पण तो झुडपाकडे पाहत होता. एक ट्रॅक्टर गेला. तो ऑड्रीच्या भाच्याचा निघाला, मोजला नाही. मग टोपी घातलेली एक व्यक्ती गाडीतून आली, टॅडबरी कुठं म्हणून घोगऱ्या आवाजात विचारून गेली, आणि थोड्या वेळानं दुसरी टोपी घालून पुन्हा आली.

"मिस्टर ड्रान्सफील्ड," ग्रिमशॉ म्हणाला, "पुढच्या खेपेला गाडीसुद्धा बदला."

"राजा, मी प्रयत्न केला एवढं लिहून घे," विल्फ म्हणाला.

जेवणाची वेळ टळली तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. साहेब घरी फोनपाशी येरझारा घालत होते. अखेर तो वाजला.

"आम्ही टॅडबरीत पोचलो," लोर्नाबाई म्हणाल्या. "पण रस्त्यावर कोणी नाही. घरं मात्र सगळी नवीकोरी. मिस्टर हॅकेट, तुम्ही सांगितलंत तेवढी काही वाईट अवस्था नाही हं."

साहेबांना घाम फुटला. "ते टॅडबरी नव्हे," ते म्हणाले, आणि आपल्या शांत आवाजाचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "चुकीच्या टॅडबरीत आहात तुम्ही. परत फिरा. दोरीनं बांधलेली पाटी दिसली की थांबा."

ती दिसली. चौफुलीवर एक भली मोठी बस येऊन थांबली. ड्रायव्हरनं ग्रिमशॉला विचारलं, "हेच का ते टॅडबरी?" ग्रिमशॉनं बटण दाबलं. बसमधून कॅनडाचे टॅडबरीकर उतरू लागले, ते उतरतच राहिले. लोर्नाबाई माणूस म्हणून इतक्या विचारी, की वेगवेगळ्या गाड्यांचा लोकांना ताप नको, म्हणून त्यांनी न्यूझीलंडहून आलेलं जोडपं, त्या न दिसलेल्या युद्धनौकेवरचा एक म्हातारा खलाशी आणि आठ घंटावाले यांनाही वाटेत ठिकठिकाणी थांबून बसमध्ये घेतलं होतं.

"किती झाली?" साहेबांनी धापा टाकत विचारलं.

"एक," ग्रिमशॉ म्हणाला.

"एक कशी? जत्रा लोटलीय इथं."

"नियम वाहनांचा आहे, मिस्टर हॅकेट. माणसांचा नाही."

तेवढ्यानं भागलं असतं तर साहेबांनी ते गिळलं असतं. पण पाहुण्यांनी सामान उतरवायला सुरुवात केली. चर्चच्या छपरासाठी ताडपत्री. गावातल्या म्हाताऱ्यांसाठी गरम कांबळी. डबाबंद मटार. आणि पेटीभर रंगवलेली लाकडी बदकं. दोघा तरुणांनी ती लगेच नेऊन तळ्यात सोडलीसुद्धा. लोर्नाबाईंनी साहेबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि आजाऱ्याला विचारावं तसं विचारलं, "सगळे जेवता ना वेळेवर?"

हिरवळीवर उभ्या असलेल्या गावानं साहेबांकडे पाहिलं. ऑड्री त्यांच्या कानाशी आली. "लायनेल, तू त्यांना सांगितलंस तरी काय?"

"कौतुकच केलं गं."

"ते आम्हाला कळलं. त्यांना कसं कळणार? ते बोलतात त्याचा अर्थ तेवढाच असतो."

सभागृहात चहा झाला. पाहुणे बन खाऊन 'घरच्या चवीचे' म्हणाले. बेरिल खिडकीबाहेर पाहत राहिली. मिल्ड्रेडला उशीवर बसवून सगळ्यांसमोरून फिरवण्यात आलं, तिनं प्रत्येकाकडे बघितलं. तेवढ्यात लोर्नाबाईंनी फार मायेनं विचारलं, "मिस्टर हॅकेट, इतके हाल आहेत, तर तुम्ही हे गाव सोडून का नाही जात?"

कपबश्यांचा आवाज थांबला. साहेबांच्या मानेपासून लाली चढत कानापर्यंत गेली. 'काय करणार, सवय झाली' असं काहीतरी ते म्हणणार होते. ते शब्द अगदी ओठांवर आले होते. पण चौफुलीवरचा तो एकच आकडा, लाकडी बदकं आणि डबाबंद मटार त्यांच्या डोळ्यांपुढे आले आणि ते उभे राहिले.

"छप्पर गळतं," ते म्हणाले, "कारण ते शेकडो वर्षं उभं आहे. आणि ते एकाच कोपऱ्यात गळतं. तिथं आम्ही बादली ठेवतो. ती बादली माझ्या आजोबांनी ठेवलेली आहे. बदकं शेजारच्या गावात जातात, पण रात्री झोपायला इथं येतात. तुम्ही आमचं नाव कॅनडात नेलंत, तुम्ही न्यूझीलंडला नेलंत, जहाजाला लावलंत, खुर्चीला लावलंत, बनला लावलंत. आम्ही कधी परत मागितलं नाही, कारण देऊनही ते आमच्याकडे होतंच. हे गाव चांगलं आहे. मला वाटतं, सगळ्यांत चांगलं आहे. मला याचा..." इथं त्यांचा आवाज अडकला, पण त्यांनी तो रेटला. "मला याचा अभिमान वाटतो. फार वाटतो."

टॅडबरी गाव आपापल्या बुटांकडे पाहू लागलं. चारचौघांत असं काही आमच्यात कोणी कधी बोललं नव्हतं. विल्फनं नकळत टोपी काढली. बेरिलच्या हातातल्या किटलीतला चहा कपाबाहेर सांडत होता, ते तिला बऱ्याच वेळानं कळलं. शेवटी ऑड्री खाकरली.

"अगदीच वाईट नाही बोललास, लायनेल," ती म्हणाली.

याहून मोठी शाबासकी आमच्याकडे नाही. साहेब धपकन खाली बसले. सभागृहातली एकुलती एक टॅडबरी खुर्ची त्यांच्या वाट्याला आली होती, पण त्यांना काही टोचलं नाही.

ग्रिमशॉ कोपऱ्यात बन घेऊन उभा होता. तो पुढे आला आणि आपल्या कपाकडे पाहत बोलू लागला. "मिस्टर हॅकेट, मला खरंच वाईट वाटतं. पण एक म्हणजे एक. धक्क्यानं पडलेली पाटी मला लावता येणार नाही." त्यानं चहाचा घोट घेतला. "चोरीला गेली असती तर गोष्ट वेगळी होती. चोरलेल्या पाटीला मोजणीबिजणी काही नाही. चोरीची वर्दी आली की नवीन लावावीच लागते. चोरांपुढे मान तुकवायची नाही, असं कचेरीचं धोरण आहे. पण इथं कोण चोरणार म्हणा."

"छे, आमच्यात तसलं कोणी नाही," साहेब दुखावून म्हणाले.

लोर्नाबाईंनी आपला कप बशीत अगदी सावकाश ठेवला, आणि दोघा तरुणांकडे पाहिलं.

पाहुणे निघाले तेव्हा ऊन कलत होतं. घंटावाल्यांनी आमच्या तीन घंटांवर जमेल तेवढी टॅडबरी वाजवली. ती फार छान झाली नाही, आणि सगळं गाव ती अंगणात उभं राहून ऐकत होतं. साहेब निरोप द्यायला बसपर्यंत गेले. चौफुलीवरचा खांब मोकळा होता. त्याच्यावर बेरिलची दोरी नीट गुंडाळून, गाठ मारून अडकवलेली होती. ग्रिमशॉ बसकडे पाठ करून झुडपातल्या काळ्या बोरांचं निरीक्षण करत होता. इतकं लक्ष त्यानं दिवसभरात रस्त्याकडे दिलं नव्हतं.

बसच्या पोटातल्या सामानखणाचं दार लागत नव्हतं. चौकड्यांच्या कांबळ्यात गुंडाळलेलं एक लांबट, चपटं बोचकं वीतभर बाहेर येत होतं. लोर्नाबाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"ताडपत्रीची फळी आहे," त्या म्हणाल्या. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यांचे कान लाल झाले.

साहेबांनी बोचक्याकडे पाहिलं. दर शनिवारी ज्यावरून फडकं फिरवलं, ते कांबळ्यातूनही ओळखू येतं. ज्या माणसानं हयातीत हिरवा दिवा लागल्याशिवाय रस्ता ओलांडला नव्हता, तो गुडघ्यावर बसला, बोचक्याला दोन्ही हात लावून ते आत सरकवलं आणि कांबळ्याची कड नीट खोचली.

"सांभाळून न्या," ते म्हणाले. "डावं टोक वाकलेलं आहे."

"चांगल्या जागी ठेवू," लोर्नाबाई म्हणाल्या.

"जरूर. आणि पुन्हा या चहाला. कधीही." मग ते जरा थांबले. "म्हणजे, खरंच या."

बस दिसेनाशी झाली तसे ते ताठ मानेनं घरी आले, कोट न काढताच फोनपाशी गेले आणि पोलीस ठाण्याचा नंबर फिरवला. बेरिल दाराशी उभी राहून ऐकत होती.

"टॅडबरीहून बोलतोय," साहेब म्हणाले. "नाही, मेडोज नाही. टॅडबरी. चोरीची वर्दी द्यायचीय."

पलीकडून काय गेलं ते विचारलं असावं.

"आमच्या गावाचं नाव. हो, पाटी. आजच, चहानंतर." पुढचा प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि छाती थोडी पुढे काढली. "संशय? असं एकाचं नाव कसं घेऊ, साहेब? टॅडबरी आहे ते. जगात पुष्कळांना हवं असतं."